लाल डब्याची पुकार व पुरवणी

श्री अन्नपूर्णा देवीस साष्टांग नमन करोन, आपुली जिव्हा आपुले ताब्यात राहो ऐसे मागणे मागोन, लेखनास आरंभ केला असे. शके १९१९ ईश्वरनाम संवत्सरी, चैत्र शुद्ध प्रतिपदेस, एके राज्यी जे वर्तमान सुरू जाहले आणि पुढे जैसे वाढले, ते जैसे घडले तैसे लिहितो.

ते राज्य डोंगरांचे कुशीत, दाणापाणी मुबलक, लोक ज्वारीची भाकरी, हुलग्याचे माडगे, लसणाची चटणी खावोन असत आणि सत्तरीचा म्हातारा एका दमात गड चढे. राजा धर्मशील, दरबार थोर. जो हुकूम होईल तो डफावर सांगावा. डफावर सांगितला तो खरा, डफाविण सांगितली ती नुसती गप, ऐसी तेथील रयतेची पिढ्यान्‌पिढ्यांची समजूत. त्या दवंडीची अंगे दोन. डफ वाजवोन, चौकात उभे राहोन, मोठ्याने सांगावी ती पुकार. मग अटी, अपवाद, दंड, ज्या कोणास ऐकणे नको परंतु कायद्यास हव्या, त्या चालता चालता सांगाव्या, ती पुरवणी. दवंडीवाल्याने पाऊल उचलिले की लोकांनीही पाऊल उचलावे आणि आपापल्या कामास लागावे, ऐसा रिवाज. तेथे कोंडजी दवंडे म्हणोन चौथ्या पिढीचा हक्कदार होता. आवाज ऐसा की चौकात पुकार केली तर वेशीबाहेरील म्हैस मान वर करी. आणि पुरवणी म्हणावी तर त्यानेच. ओळी पाच असोत की पंधरा, एका श्वासात, दहा पावलात, उतारास लागलेल्या गाड्यासारखी गडगडत संपवी. लोक त्याची तारीफ करीत, "कोंडजी, तुझी पुरवणी म्हणजे काय रे बाबा, कानास लागतदेखील नाही!" त्यास याचा अभिमान. घरी स्त्री गिरजा आणि लग्नास बारा वर्षे लोटल्यावर जाहलेली एकच कन्या साळू, तेव्हा नऊ वर्षांची. तिजवर त्याचा जीव.

त्या पाडव्यास लखूशेट तळणवाले दरबारी आले. कोठून आले हे कोणी पुसिले नाही, कारण बरोबर ताटे होती. ताटात लाल डबे, पिवळ्या दोरीने बांधिले. आत पावात दडपिलेली तळीव टिकिया, बटाट्याच्या तळलेल्या काड्या, फसफसते गोड काळे पाणी, आणि पोरांसाठी लाखेची एक बाहुली. महाराजांनी एक डबा घेतला आणि मग दुसरा घेतला. लखूशेट हात जोडोन बोलिले, "महाराज, आम्हांस जमीन नको, गढी नको, वतन नको. रोज सकाळी सरकारचा डफ तेवढा आमचे नावे वाजावा." दिवाणजी म्हणाले, "डफावर सरकारचाच शब्द जातो." शेट हसोन म्हणाले, "रयत सुखी व्हावी हा सरकारचा शब्द. आम्ही दुसरे काय विकतो?" महाराज बोटे चाटीत होते, सबब उत्तर लवकर आले नाही. तेव्हा राजवैद्य नागेशभट उठिले आणि बोलिले, "महाराज, हे अन्न नव्हे, अन्नाचे सोंग आहे. आज जिभेस गोड, उद्या पोटास जड, आणि दहा वर्षांनी रोग." सर्वांस वाटले की शेट आता संतापतील. परंतु शेट वैद्यांचे पाया पडिले आणि म्हणाले, "बुवा थोर ज्ञानी. त्यांचे शब्द दवंडीत घालावे. एक काना कमी करू नये. मात्र सावधगिरीचा शब्द ही अट होय, आणि अटीची जागा पुरवणीत, हा आपलाच कायदा." महाराज संतोषले, की दोघांचेही राहिले. नागेशभटांनी तेथेच दौत मागवोन मजकूर आपले हाते लिहिला आणि तो दिवस आपल्या विजयाचा मानिला. सर्व अनर्थाचे मूळ त्या दौतीत.

मग दुसरे दिवशी कोंडजी चौकात उभा राहिला, डफावर थाप मारिली आणि शेटांनी शिकविली ती पुकार केली: "लाल डबा, पिवळी दोरी, भूक कशाला हवी पोरी? उघड झाकण, घाल तोंडात, अवघे सुख एका घासात!" आणि पाऊल उचलोन पुरवणी म्हटली, आणि लोकही हलले, आणि हलले ते थेट शेटांचे दुकानी. बलुत्याचा रिवाज म्हणोन शेटांनी दवंडीवाल्याचे घरी रोज एक डबा हक्काचा लावोन दिला. कोंडजी तो स्वतः खात नसे, साळूस देई. पोर दोरी सोडी, बाहुली काढी, आणि खाता खाता बापाचीच पुकार बापास ऐकवी. गिरजा म्हणे, "अहो, रोज नको हे." तो म्हणे, "अगं, हक्काचे आहे. आणि मीच ज्याची दवंडी देतो ते मीच घरात नाकारू?"

पुढे डबा राज्यभर पसरला. भिंती लाल रंगविल्या, पाठशाळेसमोर दुकान लागले, नामांकित मल्लाची तसबीर लाविली की जणू तो डबा खावोनच आडवा उभा फोफावला, आणि सणास मोठा डबा, उपवासास वेगळा डबा, ऐसे प्रकार निघाले. कढईचा वास भात्याने गल्लीत सोडीत, की घरातील आमटी बेचव वाटावी. कोणी मायने भाकरी थापिली तर पोरे ताट सारोन म्हणत, "हे दवंडीत नाही." माय काय उत्तर देणार? खरेच, भाकरीची दवंडी त्या राज्यात कोणी कधी दिली नव्हती. चुली थंड पडो लागल्या. आणि मग शिंपी बाराबंदीस दीडपट कापड मागो लागले, गडावरील शिबंदी पहिल्याच दरवाजात बसोन धापा टाको लागली, चाळिशीचे गडी छातीस हात लावोन बाजारात पडो लागले, आणि वैद्यांचे ओसरीवर उभे राहावयास जागा उरेना. पाचवे वर्षी नागेशभट दरबारी जावोन रडिले. लखूशेटांनी शांतपणे कागद पुढे केला आणि म्हणाले, "हे अक्षर बुवांचेच ना? रयतेस पाच वर्षे रोज सावध केले. रोज! ऐकोन सवरोन जो खातो त्याचा दोष त्याचे जिभेस. आम्ही कोणाचे तोंडात कोंबीत नाही." दिवाणजी म्हणाले, "कायद्याप्रमाणे बरोबर आहे." महाराज तेव्हा मंचकावरोन उठत नसत. वैद्य परतले.

सातवे वर्षी साळू सोळा वर्षांची जाहली. अंगाने फुगली होती ती एकाएकी ओसरो लागली, आणि गिरजास वाटले की वयात आली, आता सुधारेल. परंतु तहान लागे. घागर रिती करी आणि पुन्हा पाणी मागे. एके सकाळी कोंडजी डफ घेवोन परसदारी हात धुवावयास गेला, तो मोरीपाशी मुंग्यांची रांग, काळी, करंगळीएवढी जाड, कुंपणापासोन थेट त्या जागी जेथे पोर सकाळी लघवीस बसोन गेली होती. कोंडजी म्हणाला, "गूळ सांडला काय गं येथे?" गिरजा आतोन म्हणाली, "गूळ? सात वर्षांत घरात गूळ आणिला तरी कोणी?" कोंडजीने राख टाकिली, रांग राखेवरोन गेली. मग तो फेरीस निघाला आणि जी गोष्ट आजवर पाहिली नव्हती ती त्यास दिसो लागली. शेजारचे मोरीपाशी रांग. त्यापलीकडे रांग. कासारांचे परसात दोन रांगा. चार घरे पाहिली, पाचव्या घराचे कुंपणावरोन वाकावयाची छाती होईना. त्या दिवशी पुकार करिताना प्रथमच त्याचा आवाज फाटला. गर्दी हसली आणि एक जण ओरडला, "कोंडजी, घसा बसला? डबा खा!"

दवंडी संपताच तो वैद्यांकडे धावला आणि मुंग्यांचे सांगितले. नागेशभटांनी पुसिले, "रोज खाते?" तो म्हणाला, "हक्काचा डबा आहे." वैद्य म्हणाले, "कोंडजी, पुरवणी म्हण." त्याने सवयीने म्हटली, एका श्वासात, वैद्यांचे ओसरीवर दहा पावले चालोन. वैद्य म्हणाले, "काय म्हटलेस?" कोंडजी म्हणाला, "पुरवणी." वैद्य म्हणाले, "त्यात काय आहे ते सांग." कोंडजी पुन्हा पहिल्यापासोन तोच गडगडाट करो लागला. सात वर्षे ते शब्द त्याचे जिभेवर होते, कानात एकदाही गेले नव्हते. वैद्यांनी त्याचे खांदे धरोन त्यास खाली बसविले आणि म्हणाले, "आता बसोन म्हण. एक शब्द, मग श्वास, मग दुसरा शब्द." तेव्हा तो म्हणो लागला, "सदर खाण्यात... मीठ, साखर व तेल... प्रमाणाबाहेर असे. नित्य खाल्ल्याने... मधुमेह, हृदयाचा रोग, दृष्टी जाणे, पाय सडणे... संभवते. लहान मुलांस..." येथे तो थांबला. वैद्य म्हणाले, "पुरे कर." कोंडजी म्हणाला, "लहान मुलांस देऊ नये." आणि ओसरीचे खांबास डोके टेकवोन बसला. मग म्हणाला, "बुवा, हे मीच सांगत होतो?" वैद्य म्हणाले, "तूच. आणि लिहिले मी. मीही चौकात एकदा उभा राहोन ऐकिले असते तर कळते."

दुसरे दिवशी कोंडजीने निश्चय केला. चौकात डफ वाजविला आणि पुकार न करिता, उभा राहोन, पूर्ण आवाजात पुरवणीच आरंभिली. "सदर खाण्यात" एवढे शब्द कानी पडताच लोकांनी पाऊल उचलिले, कारण हे शब्द निघण्याचे, थांबण्याचे नव्हेत, हे बाळपणापासोन पायांस ठाऊक. एक म्हातारी म्हणाली, "अगं बाई, आज पुकार आधीच जाहली वाटते. चला, चला, गर्दी होईल." कोंडजी ओरडला, "थांबा! हीच पुकार आहे!" एक जण चालता चालता म्हणाला, "थट्टा पुरे रे. आज बाहुली कोणती ते सांग." आणि अवघा चौक दुकानापुढे जावोन उभा राहिला. शेटांचा कारकून संतापोन शेटांकडे गेला की याचा हात तोडावा. शेट म्हणाले, "कशास? डफ वाजला ना? आज विक्री कमी जाहली काय?" कारकून म्हणाला, "नाही, वाढली." शेट म्हणाले, "मग बोलो द्या." हे कोंडजीस कळले. मार बसता तर बरे, ऐसे त्यास वाटले.

घरी डबा बंद केला. साळूस समोर बसवोन तो म्हणाला, "बाई, हे विष आहे. वैद्यबुवा म्हणतात, मीही म्हणतो." साळू म्हणाली, "बाबा, तुम्ही तर चौकात सुख म्हणता." तो म्हणाला, "ते डफावरचे. हे मी तुझा बाप म्हणोन सांगतो." पोर म्हणाली, "डफाविण सांगता, मग खरे कसे धरू?" डफाविण गप, हे त्यानेच तिला शिकविले होते. पोर समोर भाकरी खाई आणि कुंपणावरोन शेजारणीचा डबा घेई. श्रावणात एके दिवशी गिरजा ओरडली. कोंडजी धावत आला, तो अंगणभर रक्ताची पावले उमटलेली, तुळशीपासोन उंबऱ्यापर्यंत, उंबऱ्यापासोन माजघरात, आणि साळू माजघरात बसोन गाणे म्हणत होती. "बाई, पायास काय जाहले?" "कोठे काय?" म्हणोन तिने पाऊल वर केले, तो टाचेत बाभळीचा काटा, मुळापर्यंत. पोरीस काही कळले नव्हते. गिरजाने काटा उपसला तरी पोर उगीच बसोन पाहात होती, जणू पाय दुसऱ्या कोणाचा. ते पाहोन कोंडजीस जे भय वाटले ते मुंग्यांचे दिवशीही वाटले नव्हते. मग जखम काळी पडिली आणि चढो लागली. नागेशभटांनी पाच वेळा लेप बदलिला, सहावे वेळी करवत मागविली. पाय घोट्यावरोन गेला. जीव राहिला.

कोंडजीने डफ खुंटीस अडकविला आणि सरकारात कळविले की हक्क सोडिला. परंतु हक्क घराण्याचा, तो वारसास विचारिल्याविण सुटत नाही. तेव्हा लखूशेट स्वतः घरी आले, रेशमी कुबडी भेट आणिली, साळूचे मस्तकी हात ठेविला आणि म्हणाले, "कोंडजीबाबा, पोरीचा आवाज गोड आहे. पुकार हिने करावी. लोकांस हिची माया येईल, आणि माया आली की माणूस हात आखडत नाही." कोंडजी अंगावर धावोन गेला, "शेट, पाय घेतलात, आता गळाही न्यावयास आलात?" शेट म्हणाले, "मी काय घेतले? पुरवणी रोज कोण म्हणत होते?" कोंडजी जागचे जागी थांबला. तेव्हा साळू म्हणाली, "बाबा, मी जाते." गिरजा म्हणाली, "मेले, तुला लाज कैसी नाही?" साळू म्हणाली, "आई, पाय गेला तो डब्याने गेला ऐसे तुम्ही म्हणता. मला अजून खरे वाटत नाही. मी काय करू? डफावर ऐकिले की मला कळते. मीच वाजवोन, मीच म्हणोन बघते." कोंडजीने डफ खुंटीवरोन काढिला आणि तिचे मांडीवर ठेविला.

भाद्रपद वद्य पंचमीस साळूस चौकात चौरंगावर बसविली. लोक दाटले. तिने थाप मारिली आणि पुकार केली, ती बापाहोन गोड, आणि कित्येकांचे डोळे पाणावले आणि हात कमरेच्या पैशाच्या कशाकडे गेले. मग पुरवणी आली. आता दवंडीवाल्याने पाऊल उचलावे. परंतु पाऊल नव्हते. साळू बसोनच म्हणो लागली. लोक तिचे उठण्याची वाट पाहात उभे राहिले, कारण उभा दवंडीवाला निघालाच ऐसे पायांनी धरावे, परंतु ही बसलेली, ती निघेतो निघणे रिवाजाबाहेर. आणि पोरीस बापासारखी एका श्वासाची कला नव्हती, सबब दर दोन शब्दांस थांबे. मधुमेह म्हणोन थांबली. दृष्टी जाणे म्हणोन थांबली. पाय सडणे म्हणोन थांबली, आणि आपुले फडक्यात गुंडाळिलेल्या थोट्या पायाकडे पाहिले, आणि तिचे तोंडचा रंग उडाला. तिला कळले, आणि तिला कळले हे सर्वांनी पाहिले. "लहान मुलांस देऊ नये," एवढे म्हणोन तिने पुरवणी पुरी केली. एका मायने कडेवरचे पोराचे हातातील काडी काढोन घेतली, पोर रडो लागले, आणि कोणी त्यास उगे केले नाही. मग मागोन एका गड्याने म्हटले, "पोरी, पुन्हा म्हण." पुरवणी पुन्हा म्हण, ऐसे त्या राज्यात आजवर कोणी म्हटले नव्हते. तिने पुन्हा म्हटली. मग तिसरे वेळी म्हटली. त्या दिवशी शेटांची कढई अर्धी भरलेली राहिली.

लखूशेटांस राग आला नाही. त्यांस उपाय सुचला. दुसरे दिवशी सकाळी कोंडजीचे दारी मेणा आला, लाल रंगाचा, पिवळ्या गोंड्यांचा, आणि चार भोई. कारकून म्हणाला, "पोरीस पायपीट नको. पुकार होताच भोई मेणा उचलतील, पुरवणी चालता चालता होईल. कायद्याप्रमाणे." कोंडजी दार अडवोन उभा राहिला. थोरला भोई खाली पाहोन म्हणाला, "दवंडेबाबा, आम्ही हुकमाचे ताबेदार. आम्हांवर रागावो नका." साळू म्हणाली, "बाबा, मला मेण्यात बसवा." तो म्हणाला, "ते तुला पळवीत नेतील गं, एक अक्षर ऐको देणार नाहीत." ती म्हणाली, "मी चालत तर सांगू शकत नाही. बसोनच सांगणार. बसवा." मग बापाने लेकीस उचलोन मेण्यात ठेविली, आणि मेण्याचा दांडा धरोन बरोबर चालला, आणि चौकापर्यंत त्यास एकच भय, की आता दहा पावलात सर्व संपेल.

चौकात कालच्याहोन दुप्पट लोक. साळूने थाप मारिली आणि पुकार केली. कारकुनाने खूण केली. भोयांनी वाकोन दांड्यास खांदे लाविले. साळू म्हणाली, "सदर खाण्यात." कारकून म्हणाला, "उचला." साळू म्हणाली, "मीठ, साखर व तेल." कारकून ओरडला, "उचला म्हणतो!" भोई वाकलेलेच. आठ डोळे मेण्याचे पडद्याकडे. कोंडजीने पाहिले, थोरल्या भोयाचे पोटरीस चिंधी बांधिलेली होती आणि ती ओली होती. साळू पुढे म्हणो लागली. तो भोई मान न उचलता, दांड्यास खांदा तसाच ठेवोन, कारकुनास म्हणाला, "थांबा हो जरा. ऐको द्या."

येणेप्रमाणे वर्तमान. त्या चौघा भोयांस त्याच दिवशी चाकरीवरोन काढिले, आणि दुसरे दिवसाकरिता परमुलुखातोन आठ भोई मागविले, ज्यांस तेथील भाषा येत नाही. साळू अजूनही रोज मेण्यात बसते आणि पुरवणी म्हणते. लखूशेटांची दुकाने चालू आहेत. रयतेपैकी किती वाचले व किती गेले हे अद्याप कोणास सांगता येत नाही, कारण हा रोग डफ वाजवोन येत नाही. जे डोळ्यांनी पाहिले तेवढेच लिहिले, पदरचे काही घातिले नाही. लेखन समाप्त.